चिखलातून आलेली माउंटन बाइक धुणे आणि वाळवणे: काळ्या मातीतल्या सायकलींसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये माउंटन बाइकच्या तीन तक्रारी हमखास निघतात. चेन करकरते, डिस्क ब्रेक किंचाळतो आणि पॅडलवर जोर दिला की खालून कटकट ऐकू येते. दोष चिखलाला दिला जातो, पण या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा सायकल धुण्यात आणि त्याहून जास्त ती नीट न वाळवण्यात असतं. गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशर गन मारून घेणं, चिखल रविवारपर्यंत तसाच ठेवणं आणि ओल्या चेनवर तेल सोडणं, या तीन सवयी सुटल्या तरी सायकलीचं आयुष्य वाढतं.

खाली दिलेल्या कामाला धुण्यासाठी ३० ते ४० मिनिटं आणि वाळवण्यासाठी निदान दोन तास लागतात. क्रम बदलू नका. आधी फ्रेम चकचकीत केली आणि मग चेन साफ केली, तर चेनचा काळा रेंदा धुतलेल्या फ्रेमवर आणि डिस्कवर उडतो.

आधी माती ओळखा

खान्देशात सायकलला दोन प्रकारची माती लागते आणि दोन्हींना वेगळी वागणूक द्यावी लागते.

यावल-रावेरच्या केळीच्या बागांमधले शिवाररस्ते, तापी-गिरणेच्या काठचा पट्टा, कपाशीच्या शेतांच्या कडेच्या गाडवाटा, इथे काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच कारणाने. सायकलवर ती ओली असते तेव्हा लोण्यासारखी निघते. वाळून आकसली की रंगाला, रबराला आणि चेनच्या लिंकला घट्ट धरून बसते. वरून कोरडी दिसली तरी थराच्या आत ओल राहते आणि गंज तिथूनच धरतो. शेतातल्या चिखलात खताचे क्षारही असतात. पोटॅशमधलं क्लोराइड तर लोखंडाला फार लवकर खातं, म्हणून बागेतून आलेली सायकल रात्रभर तशी ठेवू नका.

दुसरी माती मुरमाड. लळिंगच्या डोंगराची बाजू, तोरणमाळचा चढ, पाल गावाकडच्या जंगलवाटा, सातपुड्याचा पायथा इथे ती भेटते. ती चिकटत नाही, पण तिच्यात बारीक खडा असतो. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने ती पुसली की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. रंगावर आणि शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे उठतात ते असे.

थोडक्यात, काळी माती वाळायच्या आत काढा आणि मुरूम हात लावायच्या आधी पाण्याने वाहून जाऊ द्या.

१. तयारी

सायकल घरी आणण्याआधी सामान अंगणात किंवा गच्चीवर मांडून ठेवा. अर्ध्यात उठून ब्रश शोधायला गेलात की माती वाळते.

- १५ लिटरच्या दोन बादल्या: एकीत साधं पाणी, दुसरीत ५ लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड किंवा कार शॅम्पू. शेवटी खंगाळायला आणखी अर्धी बादली. नळाला रोज पाणी येत नसेल तरी एवढ्यात काम होतं.
- एक मग किंवा तांब्या. पाइप असेल तर तोंड मोकळं ठेवा, अंगठ्याने दाबून धार करू नका.
- तीन ब्रश: मऊ केसांचा मोठा, टायरसाठी कडक, चेन-गिअरसाठी जुना टूथब्रश. टूथब्रश पुन्हा कुठेच वापरायचा नाही.
- सुती फडकी चार: फ्रेम, शॉकअप, चेन आणि डिस्क यांना एकेक. जुन्या बनियनचं कापड उत्तम. चेनच्या फडक्याला गाठ मारून ठेवा म्हणजे चुकून डिस्कला लागणार नाही.
- चेन डिग्रीझर (जुनं तेल-ग्रीस काढणारं द्रव), चेन ल्यूब (चेनचं तेल), थोडं ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- उदबत्तीच्या काड्या दोन-तीन. त्यांचं काम पुढे आहे.

काय घेऊ नका तेही सांगायला हवं. भांड्याच्या साबणाच्या वडीत घासणारी पूड असते, तिने शॉकअपच्या नळ्या खराब होतात. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, तो ॲल्युमिनियमला मानवत नाही. तारेची घासणी तर बादलीच्या आसपासही नको.

> सावध: चेन धुवायला पेट्रोल वापरू नका. बंद जागेत त्याची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. डिझेल चालतं, पण वाटीत थोडंसं घेऊन, ब्रशने फक्त चेनला. ते टायरवर आणि रबरी सीलवर पडू देऊ नका. नंतर साबणाने पूर्ण काढा, नाहीतर मागे राहिलेल्या थरावर धूळ बसते.

२. घरी पोचण्याआधी: गोळे काढा

काळ्या मातीत चाक फिरेनासं झालं की पॅडल मारत राहू नका. फ्रेम आणि टायरच्या फटीत गच्च बसलेली माती रंग घासते, आणि मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गोळा अडकला तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकतो किंवा तुटतो. खाली उतरा आणि लाकडी काटकीने माती काढा. स्क्रूड्रायव्हर किंवा पान्हा नको, ओरखडा कायमचा राहतो.

चार जागा बघा: पुढच्या शॉकअपची कमान, मागच्या चाकाजवळची फ्रेमची फट, क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) मागचा कोपरा आणि डिरेलरची दोन छोटी दातेरी चाकं, म्हणजे जॉकी. केळीच्या बागेतून आला असाल तर जॉकीच्या आसाभोवती वाळल्या पानांचे धागे गुंडाळलेले सापडतील. ते ब्रशने निघत नाहीत. सेफ्टी पिनने उचलून हाताने ओढावे लागतात. ते राहिले तर जॉकी जड फिरते आणि गिअर उशिरा पडतो. माणूस उगाच केबल पिळत बसतो.

माती वाटेतच वाळली असेल तर खरवडू नका. ओलं गोणपाट सायकलवर टाका आणि १०-१५ मिनिटं थांबा. ती फुगून आपोआप सैल होते.

३. पहिलं पाणी

वरून खाली, मगने, हात न लावता. सीट, हँडल, फ्रेम, चाकं. उद्देश फक्त खडा आणि चिखल वाहून जाण्याचा आहे, अजून ब्रश फिरवायचा नाही. मुरमाड वाटेवरून आलेल्या सायकलला या टप्प्यावर जास्त पाणी द्या. गरजेपेक्षा एक-दोन मग जास्त गेले तरी हरकत नाही.

> सावध: प्रेशर गन नको. चाकाच्या मधले हब, क्रँक ज्यावर फिरतो ते बॉटम ब्रॅकेट, हँडल ज्यावर वळतं तो हेडसेट आणि मागे सस्पेन्शन असेल तर त्याचे सांधे, या सगळ्यांत ग्रीस भरलेलं असतं आणि ते रबरी सीलने झाकलेलं असतं. ही सीलं पावसाचं पाणी अडवतात, गनची धार अडवत नाहीत. धार ग्रीस मागे लोटते आणि त्याच्या जागी पाणी व बारीक माती बसवते. सायकल बाहेरून नव्यासारखी दिसते आणि महिन्याभरात बेअरिंग करकरायला लागतं.

४. चेन, कॅसेट आणि डिरेलर

सगळ्यात घाण काम सगळ्यात आधी. चेन मागच्या लहान गिअरवर आणा. सायकल चेनच्या बाजूला किंचित कलती करून भिंतीला टेकवा, म्हणजे डिग्रीझर कॅसेटकडून (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाकडून) बाहेर ओघळेल, हबमध्ये जाणार नाही. कॅसेटच्या आतला फ्रीहब, म्हणजे पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग, ग्रीसवर चालतो. डिग्रीझरने ते धुऊन निघालं तर पॅडल कधी तरी दात सोडून रिकामं फिरतं.

टूथब्रशवर डिग्रीझर घ्या आणि चेनच्या खालच्या भागावर धरून पॅडल उलटं फिरवा, २० ते ३० फेऱ्या. मग ब्रश वरून, मग दोन्ही बाजूंनी. पाच मिनिटं मुरू द्या. कॅसेटच्या दातांमधला चिखल फडक्याची किनार दोऱ्यासारखी ताणून, एकेक फट घासून काढा. जॉकीच्या दातांवरचा काळा थर काटकीने धरला की फिरत्या जॉकीवरून आपोआप सुटतो.

नंतर साबणाच्या पाण्याने चेन घासा आणि मगने खंगाळा. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत.

> तपासा: चेन स्वच्छ झाली की तिची झीज मोजून घ्या, चिखलाने भरलेल्या चेनचं माप चुकतं. चेनच्या एका पिनपासून २४ वी पिन नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमीवर येते. ३०६.३ मिमी झालं म्हणजे ०.५ टक्के झीज. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर तेव्हाच चेन बदला. ८-९ गिअरच्या सायकलवर ०.७५ टक्के, म्हणजे सुमारे ३०७ मिमीपर्यंत चालवता येते. उशीर केलात तर चेनसोबत कॅसेटचाही खर्च येतो.

५. फ्रेम आणि शॉकअप

आता ब्रश बदला. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, पुन्हा वरून खाली. हँडल, ब्रेक लिव्हर, फ्रेमच्या नळ्या, शेवटी क्रँकभोवतीचा भाग. ब्रश दर थोड्या वेळाने साध्या पाण्यात झटका, नाहीतर मुरमाचे कण फिरून तेच घासत राहतात.

बॉटम ब्रॅकेटच्या खाली, क्रँकच्या बरोबर तळाशी, बऱ्याच फ्रेमना एक बारीक भोक असतं. फ्रेमच्या आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. काळ्या मातीने ते पहिल्याच राइडमध्ये बुजतं. उदबत्तीची काडी लागते ती इथे. आत घालून फिरवा, माती निघेल आणि पुष्कळदा मागोमाग गढूळ पाणीही ओघळेल. हे भोक बंद राहिलं तर पावसाळाभर पाणी आत साचतं आणि बेअरिंग खालून भिजत राहतं. खालून येणाऱ्या कटकटीचं हे एक ठरलेलं कारण आहे, आणि ते कुणी बघत नाही.

शॉकअपच्या नळ्या स्वतंत्र, स्वच्छ, ओल्या फडक्याने. रबरी सीलच्या कडेला मातीची गोल रेघ दिसते, ती बोटाभोवती फडकं गुंडाळून काढा. मग शॉकअप पाच-सहा वेळा दाबा आणि पुन्हा पुसा. सीलखालची माती वर येते. तिथे तेल किंवा ग्रीस लावू नका, धूळ चिकटून नळी घासते.

६. चाकं, टायर आणि डिस्क ब्रेक

टायर कडक ब्रशने. ओल्या टायरवर बाभळीचे काटे स्पष्ट दिसतात. काटा दिसला की उपटायची घाई करू नका. त्या जागी साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर काट्याने ट्यूब गाठली आहे. तो काढायच्या आधी पॅच किंवा नवी ट्यूब हाताशी हवी. टायर ट्यूबलेस असेल तर काटा काढून ते भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, आतलं सीलंट तिथे जमून भोक बुजवेल.

डिस्कला साबणाचं पाणी चालतं, तेलकट काहीही चालत नाही. डिस्कवर पाणी ओता, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) पॅडच्या फटीतून मगभर पाणी सोडा, बस. डिस्क शेवटी अल्कोहोल लावलेल्या वेगळ्या फडक्याने पुसा. तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला बोट लावू नका, हाताचं तेलही उतरतं.

> सावध: चाक काढून धुणार असाल तर हायड्रॉलिक ब्रेकचं लिव्हर दाबू नका. मध्ये डिस्क नसल्याने पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

> सावध: डब्ल्यूडी-४० किंवा कुठलाही स्प्रे चाकांजवळ उडवू नका. डिस्कवर बसलेला स्प्रेचा तुषार डोळ्याला दिसत नाही. तो पॅडमध्ये शोषला जातो, मग ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. डिस्क अल्कोहोलने साफ होते, तेल प्यायलेला पॅड मात्र बदलावाच लागतो.

पॅड बघण्याची हीच वेळ. मुरमाचा चिखल पॅड फार झपाट्याने खातो. घासणारा थर १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर पुढच्या राइडआधी नवे घाला, घाटात उतरताना ते कळायला नको.

७. खंगाळणे

अर्ध्या बादलीने वरून खाली. साबण राहिला की त्यावर धूळ बसते आणि भांड्यांच्या लिक्विडमधलं मीठ धातूला लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर थेंब वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून खंगाळल्याबरोबर लगेच पुढच्या टप्प्याला लागा.

८. वाळवणे

धुण्याइतकंच लक्ष इथे द्या. गंज नुसत्या चिखलाने लागत नाही, चिखल धुतल्यावर मागे राहिलेल्या पाण्यानेही लागतो.

आधी पाणी झटका. सायकल १०-१५ सेंटिमीटर उचला आणि टायरवर सरळ आपटा, पाच-सहा वेळा. बोल्टच्या खाचांतलं, केबलच्या टोकांतलं, स्पोकच्या बुडाशी थांबलेलं पाणी खाली पडतं. पॅडल उलटं जोरात फिरवा, चेनमधलं पाणी उडेल. (डिस्क पुसण्याआधी हे करा, नाहीतर ती पुन्हा पुसावी लागेल.)

मग कोरड्या फडक्याने पुसा. चेन फडक्यात धरून पॅडल ३० वेळा उलटं फिरवा, फडक्याची जागा बदलत. बोल्टची डोकी विसरू नका. ॲलन की घालायच्या खाचेत पाणी थांबलं की तिथूनच तांबूस गंज दिसायला लागतो. फडक्याचं टोक पिळून त्यात घाला.

आता सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी. चिखलाच्या राइडला मागचं चाक सीटच्या नळीवर सतत पाणी उडवतं आणि ते क्लॅम्पच्या फटीतून आत जातं. सीटपोस्टवर उंचीच्या खुणेला टेप लावा, क्लॅम्प सैल करा, पोस्ट बाहेर काढा. सायकल मागच्या चाकावर उभी करा आणि १० मिनिटं ठेवा. कधी कधी अर्धा कप पाणी निघतं. नळी आतून फडक्याने पुसा, धातूच्या पोस्टला ग्रीसचा पातळ हात द्या. कार्बन असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट. क्लॅम्पवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच (कसण्याच्या जोराच्या आकड्यापर्यंतच) कसा. सीट खाली-वर होणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर त्याची केबल आतून जाते, तो ओढून काढू नका, फक्त पुसा.

यानंतर सावलीत, वारा लागेल असं, दोन तास. ओसरीत टेबल फॅन लावला तर उत्तम, फॅनचं तोंड चेन आणि क्रँककडे. कूलर लावू नका. कूलरची हवा ओली असते, ती सायकल वाळवत नाही, भिजवते. उन्हात १५-२० मिनिटं चालतील, पण ऑक्टोबरच्या कडक उन्हात तासन् तास उभी ठेवलीत तर ग्रिप आणि टायरचं रबर कडक होतं.

> सावध: पंक्चरच्या दुकानातल्या हवेने सायकल वाळवायची असेल तर फक्त चेनवर आणि हातभर अंतरावरून. हब, हेडसेट आणि क्रँकवर मारलेली हवा पाणी बेअरिंगमध्येच ढकलते, प्रेशर गनसारखीच.

> सावध: धुतलेल्या सायकलवर लगेच प्लॅस्टिक किंवा ताडपत्री घालू नका. आतली ओल कोंडून रात्रभरात थेंब धरतात. झाकायचीच असेल तर सुती चादर.

केबलवाले ब्रेक आणि गिअर असलेल्या सायकलींना एक काम जास्त. पाणी केबलच्या बाहेरच्या कव्हरमध्ये शिरतं आणि पंधरा दिवसांनी गिअर जड होतो. मागचं चाक हातात उचला, पॅडल फिरवत सर्वात मोठ्या गिअरवर चेन न्या, पॅडल थांबवा आणि शिफ्टर लहान गिअरकडे टिकटिक करत पूर्ण सोडा. केबल सैल पडेल. फ्रेमवरच्या खाचांतून कव्हर काढा, सरकवा, आतली तार पुसा, बोटावर तेलाचा एक थेंब घेऊन तारेवर फिरवा आणि परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. यामुळे नव्या केबलचा खर्च निदान एक पावसाळा तरी पुढे जातो.

९. चेनला ल्यूब

चेन हाताला पूर्ण कोरडी लागली की मगच. ओल्या चेनवर टाकलेलं तेल पाण्यावर तरंगत वरच राहतं. लिंकमधल्या गोल रोलरच्या आत पाणी कोंडतं आणि चेन आतून गंजते. बाहेरून ती चकाकत असते, म्हणून चूक कळत नाही.

चेनच्या जोडावर खूण करा. चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. माउंटन बाइकच्या चेनला साधारण ११० ते १२६ लिंक असतात, म्हणजे तेवढेच थेंब. एक फेरी पूर्ण झाली की पॅडल दोन मिनिटं उलटं फिरवा, १० मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेलाचं काम रोलरच्या आत आहे. बाहेर राहिलेला थर फक्त मुरूम गोळा करतो.

पावसाळ्यात ओल्या हवामानाचं, म्हणजे वेट ल्यूब घ्या. मेणाचं ड्राय ल्यूब पाण्याने निघून जातं, आणि ते वापरायचं तर वाळायला रात्र द्यावी लागते. इंजिन ऑइल आणि खोबरेल तेल दोन्ही नकोत. पहिलं माती धरतं, दुसरं थंडीत गोठतं आणि चिकट होतं.

१०. रात्री ठेवण्याआधी तपासणी

- चाक उचलून फिरवा आणि फ्रेमला हात लावा. हाताला करकर जाणवली तर त्या हबमध्ये पाणी गेलंय.
- चाकाचा रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर हबचे कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) सैल आहेत किंवा बेअरिंग गेलं आहे.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे करा. हँडलखाली ठकठक म्हणजे हेडसेट सैल.
- दोन्ही चाकांचे एक्सल घट्ट आहेत का, पुन्हा बघा.
- १०-१२ वेळा मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावा. ओल्या डिस्कचा सुरुवातीचा आवाज चौथ्या-पाचव्यांदा जायला हवा. गेला नाही आणि ब्रेकही कमी लागतोय, तर पॅडला तेल लागलं आहे.

नाल्यातून जाताना पाणी हबच्या वर आलं असेल आणि सायकलला सुट्या छऱ्यांचे हब असतील, तर बाहेरून कितीही पुसलं तरी आतलं पाणी जात नाही. आठवडाभरात हब उघडून छरे धुवा आणि नवं ग्रीस भरा. बॉटम ब्रॅकेट सुट्या छऱ्यांचं असेल तर तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेनकडे एकदा बघा. लिंकच्या कडेला तांबूस रेघ दिसली तर काल वाळवणं कमी पडलं. त्या जागी ल्यूबचा थेंब टाका, लिंक हाताने पुढे-मागे वाकवून मोकळी करा आणि पुसा. एखादी लिंक सरळच होत नसेल तर ती जॉकीवरून जाताना उडी मारेल. ती मोकळी झाल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका.